हिंगाच्या डबीतला शेवट

…अहो, शेवट सांगू नका, एवढंच म्हणालो होतो मी! आबासाहेबांना! आमचे शेजारी, काटेवाडीत आमच्या घराला लागूनच त्यांची पपईची बाग आहे, माणूस अगदी सोन्यासारखा, पण सिनेमा बघितला की त्यांच्या पोटात राहत नाही. रविवारी सकाळी फाटकातूनच हाक, ‘सर, तो खोटा दीर हाय ना, त्यो शेवटाला…’ आणि मी गॅसवरचं दूध तसंच टाकून दोन्ही कानांवर हात! दूध उतू गेलं, खाली राहिलं ते करपलं, पातेलं काळंठिक्कर. का? तर शेवट कळू नये म्हणून! चौदा महिने, तुम्हाला सांगतो, चौदा महिने मी एका सिनेमाच्या शेवटापासून पळत होतो…

आता तुम्ही म्हणाल, हायस्कुलातला भूगोलाचा मास्तर, डोक्यावर पांढरं झालेलं, आणि बघतो काय, तर ठगांचे सिनेमे? हो, बघतो! पण त्यात पोलीस येतात का, बंदुका वाजतात का, ते मला नको असतं. मला माणूस हवा असतो. आता हाच सिनेमा घ्या. एका विधवा बाईकडे एक जण येतो, ‘वहिनी, मी तुमचा परदेशात गेलेला दीर,’ म्हणतो, आणि घर लाटायला राहतो. बरं, ठग तो ठग, पण त्या घराचं दार कुरकुरतं आणि ते त्याला सहन होत नाही! तिसऱ्या दिवशी वाटीत तेल घेऊन बिजागरीशी बसतो. आता मला सांगा, अशा माणसावर रागवायचं कसं?

आबासाहेबांचं उलटं. ‘सर, धरला का न्हाय त्येला, तेवढं महत्त्वाचं.’ म्हटलं, आबासाहेब, तुम्ही हे बोलता? तुम्ही? मागच्या वर्षी तुमच्याकडे तो रोपंवाला आला होता, पपईची रोपं देऊन गेला, आणि फुलं आल्यावर कळलं, निम्मा प्लॉट नर! एक फळ धरणार नाही! धरलात त्याला? तर म्हणाले, ‘न्हाय वो सर… माणूस लय ग्वाड व्हता. आमच्या म्हातारीच्या चष्म्याची काडी त्येनं दोऱ्यानं बांधून दिली. आन मला सोताहून म्हणला, दादा, नर्सरीत फोन लावा, खात्री करून घ्या. मग म्या कशाला लावतोय!’

बघा! हीच तर कला! कच्चा ठग म्हणतो, माझ्यावर विश्वास ठेवा. पक्का ठग म्हणतो, खात्री करून घ्या. मग खात्री करून घ्यायची आपल्यालाच लाज वाटते. हे मी स्टाफरूममध्ये पाटीवर लिहून दाखवलंय. या विषयात मला कुणी शिकवू नये.

तर सांगत काय होतो… शेवट. आमच्या घरी नियम होता. स्वरूपा, म्हणजे माझी बायको, आणि मी दर रविवारी दुपारी जेवणं झाली की असा एक सिनेमा लावायचो. अर्ध्यात थांबवायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडायचं, त्याचे दोन तुकडे, आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला दोघांनी लिहायचं, कोण कुणाला फसवतंय. घड्या घालून हिंगाच्या रिकाम्या डबीत. मग चहा, मग उरलेला सिनेमा, मग चिठ्ठ्या वाचायच्या. जो हरेल त्याने दुपारची भांडी घासायची.

तेवीस वर्षं! तेवीस वर्षं भांडी कुणी घासली असतील?

मी लिहिताना छताकडे बघायचो, पेन चावायचो. ती खाली मान घालून भरभर, एकामागून एक ओळी! म्हणायचो, काय एकाग्रता आहे! सिनेमा संपला की माझी चिठ्ठी चुकलेली, आणि ती आपली चिठ्ठी नाकाशी धरून वाचायची, ‘मॅनेजर सामील आहे, पत्र खोटं आहे,’ तंतोतंत! आणि वर माझ्यापुढे धरायची, ‘बघा ना, खात्री करून घ्या.’ मी म्हणायचो, ‘छे गं, तुझी चिठ्ठी काय बघायची!’ चिठ्ठी कंबरेला, मी मोरीत. कधी चुकून माझंही बरोबर आलं तर तिचंही बरोबर असायचंच. मग बरोबरी झाल्यावर भांडी कुणी घासायची? ‘मागच्या रविवारी जे घासत होते, त्यांनीच.’ न्याय म्हणजे न्याय!

आणि मी तिचं गावभर कौतुक करायचो हो! म्हणायचो, आमच्या हिला माणसं वाचता येतात.

तर त्या रविवारी हा दिराचा सिनेमा. अर्ध्यात थांबवला, चिठ्ठ्या डबीत टाकल्या, चहा ठेवला आणि लाइट गेली. ‘राहू दे,’ म्हणाली, ‘पुढच्या रविवारी बघू. कुठं पळून जातोय शेवट?’

पुढचा रविवार आला. ती नव्हती. गुरुवारीच… असो.

तेव्हापासून डबी फडताळात, झाकण घट्ट. आणि मी अख्ख्या तालुक्याला सांगत सुटलो होतो, शेवट सांगू नका! लोकांना वाटतं मास्तरांना सिनेमाचं वेड. अहो, वेड कसलं? तिचा एक डाव अजून चालू होता हो माझ्याशी. शेवट बघितला की तो संपणार.

पण आमच्या सासूबाई! द्वारकाबाई. इंदापूरहून आल्या होत्या, दूध उतू गेलं त्या सकाळचा माझा कान धरून चाललेला नाच त्यांनी बघितला. म्हणाल्या, ‘जावईबापू, काय हाय त्या डबीत?’ सांगितलं. मग म्हणाल्या, ‘ल्येक माझीबी व्हती. तिनं काय लिवलंय, मलाबी बघायचंय. लावा त्यो शिनिमा.’

आता नाही कसं म्हणणार? दुपारी लावला. आबासाहेब आपणहून आले, तोंडाला उपरणं बांधून! म्हणे, ‘माझा मला भरवसा न्हाय, सर.’

आणि शेवट काय? ऐका आता, मीच सांगतो. त्या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं! खरा दीर वारल्याचं पत्र तिच्या पिठाच्या डब्यात असतं! पहाटे तो ठग पिशवी घेऊन निघतो, तर ती अंथरुणातूनच म्हणते, ‘दार ओढून घ्या. आता वाजत नाही.’ बस. आबासाहेब उपरण्याआडून मुसमुसतायत, चौथ्यांदा बघत होते!

मी डबी उघडली. हिंगाचा वास तसाच. आधी माझी चिठ्ठी. ‘बाईला पहिल्यापासून माहीत आहे.’ बरोबर! अगदी बरोबर!

मग तिची. घडी तशीच धरून बसलो, तर सासूबाई म्हणाल्या, ‘वाचा की.’

वाचली. ‘पोहे. गूळ अर्धा किलो. यांना खारी. भांड्यांची घासणी, चांगली बघून, हाताला न टोचणारी.’

उलटून बघितलं, पुन्हा बघितलं. तेवढंच! वाण्याची यादी! आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला… दर सोमवारी सकाळी शाळेत निघताना माझ्या खिशात यादी कोण ठेवायचं? कॅलेंडरच्या पानाचा तुकडा, मागे रविवारची तारीख! तेवीस वर्षं मी तो पुरावा स्वतःच्या खिशात घालून वाण्याकडे नेला, आणि सामान घेऊन परत आलो हो!

सासूबाई आधी हसल्या. ‘अगं बया! ल्हानपणापासनं आसलीच! परवचा म्हणायची निस्तं व्हट हलवून!’ आणि मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आबासाहेबांनी उपरणं सोडलं. ‘पर सर, खरं सांगा, तुमाला कवाच सौंशय आला न्हाय?’

म्हटलं, आबासाहेब, तुम्ही नर्सरीत फोन लावला होता का?

ते उपरण्याची घडी घालायला लागले.

मग सासूबाईच म्हणाल्या, ‘काय का आसंना, ह्या बारीला तुमी जिकला की वो, जावईबापू!’

खरंच की! तेवीस वर्षांत पहिल्यांदा! आबासाहेब टाळी देऊन घरी गेले, सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या, आणि मोरीत तीन कपबश्या, जेवणाची ताटं आणि ते सकाळचं करपलेलं पातेलं. जिंकलो होतो ना, म्हणून सवयीने वळून बघितलं, हरलेलं कुणी येतंय का…

पातेलं सोमवारपर्यंत भिजत ठेवलं. सोमवारी यादी घेऊन वाण्याकडे गेलो, सगळे जिन्नस आणले. घासणी चांगली निघाली हो. टोचत नाही हाताला.