गिऱ्ह्यानं चढवलेला काटा

लाईट काही आता येत नाही. पुढे सरकून बसा आणि ऐका. आपल्या गंगाराम शिगवणाची गोष्ट आहे.

चिऱ्यांचा ट्रक चालवायचा तो. ट्रक बापाच्या वेळचा, पण जीव सगळा त्यात. एकदा खाणीवर चिरे भरता भरता अंधार पडला. सकाळी गवंडी येणार, माल पोचायलाच हवा. निघाला. आणि कुठून निघाला? कोंडीवरच्या जुन्या वाटेनं. तीन मैल वाचतात ना! कोंड म्हणजे नदीचा तो काळा डोह, वाटेच्या अगदी खाली. तिथे गिऱ्हा राहतो. पाण्यातलं भूत. माणसाला पाण्याशी बोलावतो आणि आत ओढतो.

कोंडीपाशी आला आणि समोरचा लाल दिवा लागला. इंजिन तापल्याचा. आता पाणी घालायला हवं. डबा रिकामा. पाणी खाली कोंडीत. डबा घेऊन दोन पावलं उतरला, तर दिवा विझला. परत चढला, लागला. उतरला, विझला. चार वेळा, बरं का. शेवटी इंजिनाला शिव्या घालत तसाच घरी आला. इंजिन ठणठणीत.

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. दिवसा नाही, दुसऱ्या रस्त्यावर नाही, फक्त तिथेच. पण गंगारामच्या डोक्यात भूत नव्हतं, वायर होती. गाड्यांची वायरिंग करणाऱ्या हसन मुकादमाकडे गेला आणि म्हणाला, "हे दिवे उपटून टाक. दिवा नुसता बोंबलतो, किती तापलंय ते सांगत नाही. मला काट्याचे मीटर हवेत."

हसनला दोन दिवस लागले. जुन्या भोकांत नवे मीटर बसेनात, कानस मारून भोकं मोठी केली. इंजिनातले पेचाचे आटे जुळेनात, तेही नवे पाडून घेतले. गंगाराम शेजारी उभा राहून चरफडत होता. अखेर तीन मीटर बसले. ऑईलचा, बॅटरीचा, तापमानाचा.

त्याच रात्री गडी मुद्दाम जुन्या वाटेनं निघाला. आता बघतोच म्हणाला. काटा मधोमध. उतार आला, मधोमध. कोंड आली, आणि काटा चढायला लागला. दिव्याचं एक बरं होतं, लागला की लागला. हा डोळ्यांदेखत चढत होता, एकेक रेघ. ट्रक थांबवला, काटा खाली. सुरू केला, वर. मग ऑईलचा काटा शून्यावर पडला. मग बॅटरीचा नाचू लागला. दोन दिवसांची मेहनत, आणि हे! रागानं रडू आलं त्याला. डबा उचलला आणि तरातरा खाली उतरला.

खालून हसनचा आवाज आला, "गंगाराम, डबा दे. पाणी भरून देतो."

हसन इथे कसा, हे सुचायला डोकं थाऱ्यावर हवं ना. हा आपला त्याला बोलत सुटला. तुझे मीटर फुकट, तुझी वायर फुकट. बोलता बोलता गुडघाभर पाण्यात. "वर येऊन बघ तुझा काटा," म्हणाला.

"तूच खाली ये."

"अरे, तू बसवलेला काटा खोटा पडलाय!"

"तूच खाली ये."

तेव्हा गंगाराम गार पडला. हसनच्या कामाला कोणी नावं ठेवली, तर तो जेवणावरून उठून यायचा. तो वर येणार नाही? हा हसन नव्हे. मागे वळला, तोच पाण्यातून पोटरीला हात पडला. डबा त्या हातावर हाणला, पाय सोडवला आणि चार पायांवर वर चढला. बॉनेटला हात लावला, तर माठासारखं गार. मीटरवर सदरा टाकला आणि गाडी हाणली. मागे एकेक चिरा पाण्यात पडल्याचा आवाज, गाव येईपर्यंत.

सकाळी निम्मे चिरे नव्हते. पोटरीवर पाच काळे वळ. हसननं तापमानाचा मीटर उघडला, तर काचेच्या आत पाणी. त्यानं पाणी पुसलं आणि मीटर परत बसवला. डांबरी रस्त्यानं तो मीटर आजही बिनचूक चालतो.

पण बाबांनो, त्या वाटेनं कधी जाऊ नका. परवा आपला गुराखी तिथून पळत आला. गंगाराम तेव्हा माझ्या पडवीत चहा पीत होता. आणि गुराखी सांगत होता, खाली कोंडीत गंगारामचाच आवाज हसनला हाका मारतोय. वर येऊन बघ म्हणून नव्हे. खाली ये म्हणून.