लखोट्यातलं औषद

माजं म्हायेर माणातलं, दहिवडीच्या वरल्या अंगाला. आमी दोगी भनी, आक्का थोरली, मी हौसा धाकली. मला दिली सांगलीत हळदीच्या बाजारातल्या हमालाला, त्यो गेला, मग म्या ह्या दवाखान्यात आया म्हणून लागले, दवाखान्याचं नाव तेवढं घालू नगा, अजून हितंच पोट भरतीया.

आक्का तिकडंच दिलेली. दुष्काळी कामावर खडी फोडायची. छातीत गाठ आली तर म्हणली दगूड लागला आसंल. दुखत न्हवती. आवं, दुखत न्हाई त्येच्यासाठी ईष्टीत बसून दवाखान्यात कोण येतंय? वरसानं मी गेले तवा तिला न्हाताना बघितली, लिंबाएवढी झालेली. तशीच घिऊन आले.

आमच्या डाक्टरीणबाईंनी गाठ कापून काढली. तवाच येक नवं औषद आलं हुतं, म्हंजी अजून पारखायचं चाललं हुतं. आप्रेशन झालेल्या निम्म्या बायकांना ते द्यायचं, निम्म्यांना आजवर करत आलो तेवढंच, आन् दुखणं कुणाचं उलटतंय ते बघायचं. कुणाला काय मिळणार ते बंद लखोट्यात, बाईंच्या सुदिक हातात न्हाई. पर दर आठवड्याला रगत तपासाय यायचं, म्हणून जवळपासचीच बाई घ्यायची. माणातली, कोयनंकडची आली की तिचा कागूद बाजूला. त्या बायकांना समजावायचं काम माजं, माजी बोली त्येंच्यासारकी म्हणून. काय सांगू तुमास्नी, लय जणी म्या परत लावल्या. जावा घरी, बरं वाटंल, म्हणायची.

आक्काला कशी लावू? बाईंना म्हणलं, ती माज्याच खोलीत ऱ्हाती, कायमची आलीया. बाईंनी माज्याकडं बघितलं, खरं व्हय हौसा? म्या म्हणलं व्हय. नाव घातलं. आक्का म्हणली, मला इचारलंस का? माजी शेरडं कोण बघणार? तिचा मालक दोनदा न्यायला आला, तरी ऱ्हायली.

लखोटे हापिसातनं आणाय मलाच धाडलं. दोन हुते त्या दिशी, येक आक्काचा, येक बाजारातल्या शेवंताबाईचा. वाचाय येत न्हाई, पर वरचा आकडा वळखायची मी. जिन्यात हुबी ऱ्हायले. अदलाबदल केली आसती तर कुणाला कळलं आसतं? पर आत काय हाय ते मला कुठं ठावं, कशाशी काय बदलू? तसेच न्हेऊन दिले. बाईंनी फोडले. नवं शेवंताबाईला. आक्काचं जुनंच.

तरी आठवड्याला यायला लागायचंच, दोन्हीकडच्या बायका सारक्या तपासायच्या हुत्या. आक्का दिसभर खोलीत बसायची, दाराकडं तोंड करून. वरसात दुखणं काखंत आलं, मग पाठीत. म्या बाईंच्या पाया पडले, आता तरी नवं द्या. बाई म्हणल्या, आता उपेग न्हाई हौसा, आन् तवा दिऊन वाचली आसती का ते मलाबी ठावं न्हाई, म्हणून तर पारखतोय. त्येंच्याबी डोळ्यांत पाणी.

आक्का म्हणली, मला घरी न्हे. ईष्टीत मांडीवर डोस्कं घिऊन न्हेली. मायणीच्या पुढं माळ दिसाय लागला तशी म्हणली, माजं शेवटचं वरीस तू खाल्लंस गं. रागानं न्हाई, सादं बोलली. आठ दिसांनी गेली.

शेवंताबाई हाय. हळद पाखडती, मला बघून हासती. औषदानं का नशिबानं, बाईंनी काय सांगितलं न्हाई. आता ते औषद हितं न्हाई, पारखायचं समदं म्हमईला गेलं. बाईबी तिकडंच गेल्या. आता मी लांबच्या बायकांना म्हमईची चिठ्ठी देती. मावशी, तितं कुठं उतरायचं, इचारत्यात. म्या म्हमई बघितल्याली न्हाई.

परवाच म्हसवडची येक आली, पदराखाली हात धरून. चिठ्ठी दिली. तिनं घडी घालून कमरंला खोचली, वाईच बसली, आन् म्हसवडची गाडी कितीला हाय म्हणली. म्या सांगितलं.