घंटेची चाचणी कोणी बंद केली

नाव एर्मेलिंदा ब्रिटेझ, वय ५८, काम घरकाम, शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंत, राहणार एन्कार्नासिओन, नदीकडची वस्ती.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगी निमिया हिच्यासोबत राहते. दवाखान्यांतल्या लसींच्या फ्रिजवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत ती आहे. काम घरूनच करते. तिने असं बसवलं आहे की नव्या सॉफ्टवेअरची बांधणी संगणक आपोआप करतो, मग त्याच्या चाचण्या घेतो. सगळ्या हिरव्या झाल्या तरच ते दवाखान्यांकडे जातं. एक जरी लाल राहिली तरी अडतं. कंपनी आल्दोची. तो माझा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला मीच त्याला धरलं होतं.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी आम्ही चिपा पाव भाजतो, शुक्रवारी चूल पेटवत नाही. त्या बुधवारी आल्दो रिवाजाप्रमाणे हात जोडून आशीर्वाद मागायला आला. मी दिला. मग तो निमियाला म्हणाला, "उद्यापासून सुट्टी, सगळं बंद. दवाखान्यांना आजचा शब्द दिलाय. काय अडलंय गं?"

"एक लाल आहे. वीज गेली की घंटा वाजायला हवी, वाजत नाहीये."

"तेवढी एक बाजूला ठेव की. सोमवारी बघू."

"मग हे बसवलंय कशाला? त्याच्यापुढे मेणबत्ती लावायला?"

"सासूपेक्षा खाष्ट आहे तुझं यंत्र."

"सासू असती तर तुला आत तरी घेतलं असतं का?"

आम्ही तिघंही हसलो.

तेवढ्यात अंगणातली भट्टी तापली. पाव आत सारून तोंड लगेच झाकायला दोन माणसं लागतात, म्हणून मी निमियाला हाक मारली. ती संगणक उघडा ठेवून आली. परतलो तेव्हा पडद्यावर सगळं हिरवं होतं. आल्दो म्हणाला, "बघ, आलं शुद्धीवर!" अशी लाल चाचणी पुन्हा चालवल्यावर कधीकधी हिरवी होते, म्हणून निमियाला शंका आली नाही. मी आल्दोला बायकोसाठी गरम चिपा बांधून दिले.

शुक्रवारी दवाखान्यांतली वीज गेली. घंटा वाजली नाही आणि लसी खराब झाल्या. ती चाचणी निमियाच्या नावाने बंद केलेली सापडली, म्हणून तिला इथे बसवून ठेवलं आहे.

आल्दो वाईट मुलगा नाही. हे काम हातचं गेलं असतं तर निमियासकट सगळ्यांवर घरी बसायची वेळ आली असती.

आल्दोला बटण दाबताना पाहिलं का, असं मला विचारण्यात आलं. मी पाहिलं नाही. त्या वेळी आत तो एकटा होता आणि निमियाचे हात पिठाने भरलेले होते, एवढंच सांगू शकते. घरचा हिशेब मी लिहिते. बेरीज जुळेना म्हणून मनचा आकडा घालत नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'आल्दोने चाचणी बंद केली ते मी पाहिले' असं एक वाक्य आलं होतं. निमिया सुटावी असा जबाब लिहिणाऱ्या साहेबांचा चांगलाच हेतू होता. निमिया समोरच्या बाकावरून माझ्याकडे बघत होती. ते वाक्य मी खोडायला लावलं. उरलेलं सर्व मी सांगितलं तसंच आहे.