जन्माआधीचं रक्त

नंदुरबारहून धानोऱ्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर मायलेकी होत्या. कॉलेजात जाणाऱ्या लेकीच्या हातात दवाखान्यातून आणलेल्या गोळ्यांची पिशवी होती.

"दिपाली, दिवायीपाईन तुले कळ उनी नही. मंग या गोया कसाले?"

"गोया लेस म्हनीसनच कळ येस नही, माय. सिकलसेल कोठे पयी जायेल नही."

"गोयी करस तरी काय?"

"झोपेल जीनले उठाडस."

"कोनले?"

"ऐक. मी तुन्हा पोटमा व्हती तव्हय मन्हं रगत येगळं व्हतं. ते बनाडाना जीनच येगळा. त्या रगतनी पेशी कोयतासारखी वाकडी व्हस नही."

"मंग ते रगत गयं कोठे?"

"जलम व्हयना का शरीर तो जीन हळूहळू बंद करी देस, न दुसरा चालू करस. मन्हा तो दुसराच बिघडेल शे."

"तो मीच दिधा तुले. मन्हापाईन बी उना, तुन्हा बापपाईन बी."

"माय, परत तेच?"

"खरं तेच शे."

"पन पहिला जीन मरेल नही ना! बंद शे फक्त. गोयी त्याले थोडा चालू करस. रोज लिधी तरच."

"म्हंजे मन्हा पोटमा व्हती तव्हयनं रगत आते बी बनस तुन्हा आंगमा?"

"हा. या रिपोर्टमा तर वाढेल शे."

फाटा आला, मागचे दोन प्रवासी उतरले, गाडी पुन्हा निघाली.

"दे ती पिशवी इकडे."

"जड नही, माय. गोया तर शेत."

"दे. घर येवापावत मन्हा मांडीवर ऱ्हाऊ दे."