घरचा सर्व्हर

दवाखान्यात नंबराची वाट बघता बघता शिंपीणबाईंना डुलकी लागत होती. तेवढ्यात शेजारचे आजोबा रक्तदाब तपासून बाहेर आले आणि आपल्या मुलीजवळ धपकन बसले.

“एकशे तीस! डॉक्टर चाटच पडले. म्हणाले, केलंत तरी काय?”

“मग काय सांगितलंत?”

“म्हटलं, लेकीने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घरातच सर्व्हर केलाय. मी निवडलेल्या तेवढ्याच बातम्या येतात, मधेच कुणी कोकलत नाही. चार दिवस जग कसं शहाण्यासारखं वागतंय!”

“बाबा, एक सांगू? चिडू नका.”

“आज नाही चिडत. बोल.”

“दर तासाला नव्या बातम्या आण, हे त्या सर्व्हरला सांगायचंच राहिलं. तुम्ही सोमवारच्याच बातम्या वाचताय.”

शिंपीणबाईंची झोप उडाली.

“चारही दिवस?” आजोबांनी विचारलं.

“हो.”

“तरीच सगळं आधी वाचल्यासारखं वाटायचं! मला वाटलं, चाललं आपलं डोकं. हुश्श!”

“घरी गेल्या गेल्या दुरुस्त करते.”

“खबरदार हात लावलास तर! डॉक्टरांनी बजावलंय, चालू आहे तेच चालू ठेवा.”