वरचं बटण

कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी शिकले आणि आत्मचरित्राची दोनशे पानं टाइप केली, त्यातली चाळीस सासूबाईंवर. मग नवीन विंडोज टाकायला उल्हासनगरचा मेकॅनिक बेलवलीला आमच्या घरी आला.

"माताजी, फॉरमॅट मारना पडेगा. अंदर का सब जाएगा."

फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलेला, म्हणजे पानं दुसरीकडे कुठे नव्हती.

"मारून टाका," आमचे हे सोफ्यावरून म्हणाले. हा माणूस एरवी पंख्याचा स्पीडही मला विचारून बदलतो.

मी चष्मा लावून स्क्रीन वाचली. "इथे वर अपग्रेड लिहिलंय. त्यात प्रोग्राम, फाइली जागेवर राहतात. तुम्ही खालचं का दाबताय?"

"माताजी, ये कोई पढता नहीं."

"मी वाचते. हात काढा."

अपग्रेड मीच दाबलं. दीड तास मशीन कुरकुरत होतं, मी खुर्ची सोडली नाही. शेवटी फाइल उघडली. मराठी फॉन्टसुद्धा जसाच्या तसा.

"सगळं राहिलं?" ह्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"सगळं," मी म्हटलं. "तुमच्या आईसकट."