आखूड बाक

नव्या हायस्कूलच्या आराखड्यावर गावाचं म्हणणं ऐकणार होते, म्हणून ॲरिझोनाच्या त्या वाळवंटी गावात जुन्या शाळेबाहेर भर दुपारी रांग लागली होती. आराखडा दालियाचा होता, आणि तीही त्याची गुंडाळी घेऊन, ओळख न देता सगळ्यांच्या मागे उभी होती. पुढे एक म्हातारं जोडपं, शाळेच्या भिंतीच्या सावलीला चिकटून.

"ही भिंत जाणार म्हणे, ओफेलिया. अख्ख्या अंगणावर छत येणार."

"येऊ दे की. पोरांनी काय उन्हात भाजायचं?"

"आपण भाजलोच ना!"

"तू कुठला भाजतोस, रेमुंडो! तू वरच्या वर्गातला, सावलीतल्या बाकावर पाय पसरून बसायचास. भाजायचो आम्ही नवे."

"तुझ्यासाठी सरकलो होतो ना?"

"वीतभर!"

"त्या वितीवर बावन्न वर्षं संसार झाला, बाई. आत जाऊन सांग, भिंत ठेवा म्हणून."

"भिंतीचं नाही, मी बाकांचं सांगणार आहे."

"बाकांचं काय?"

"चित्रात केवढे लांबलचक काढलेत! ज्याला त्याला ऐसपैस. मग कोण कुणासाठी सरकणार? बाक आखूड करा म्हणणार मी. चर्चमध्ये फादर गाऊन सांगायचे ना, ऊन देवाचं, सावली शेजाऱ्याची..."

"झालं हिचं कीर्तन सुरू!"

"अगं ए पोरी, ती गुंडाळी घेऊन उन्हात काय उभी? ये इकडे. रेमुंडो, सरक."

"किती?"

"तेव्हा सरकला होतास तेवढा."

दालिया आराखडा छातीशी धरून त्या दोघांच्या मध्ये उभी राहिली.